छातीवर तालीम, मांडीत काय?

खंडोबा तालीम मंडळ, संध्यामठ तरुण मंडळ, शिवाजी तरुण मंडळ. बाहेरगावच्या माणसाला ही नावं ऐकून गणपतीची मंडळं आठवतील, फार तर कुस्तीचे आखाडे. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या पोराला आधी फुटबॉल आठवतो. पेठेबाहेर गेलं तरी तीच तऱ्हा: पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. देशात इतरत्र फुटबॉलचे संघ 'क्लब' असतात, 'एफसी' असतात. कोल्हापुरात ते तालमी असतात. शाहू स्टेडियमवर अकरा जण ज्या नावाची जर्सी घालून उतरतात, ते नाव मुळात लाल मातीचं, जोर-बैठकांचं आणि वस्तादाच्या दराऱ्याचं आहे.

राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ साली खासबाग मैदान उभं राहिलं आणि गल्लोगल्लीच्या तालमींना बरकत आली. पुढं याच तालमींच्या पोरांनी फुटबॉलही आपलासा केला. नाव तालमीचंच राहिलं, मेहनत मात्र मागं पडली. आजचा खेळाडू एक तर नुसता चेंडूमागं पळून 'फिटनेस होतोच की' म्हणतो, नाही तर जिममध्ये जाऊन सोमवारी छाती, मंगळवारी दंड असं शरीराचं वारांनुसार वाटप करतो. हंगाम रंगात येतो, सामन्यांची गर्दी होते आणि ऐन धावेत कुणी तरी मांडीच्या मागं हात लावून खाली बसतो. कट्ट्यावर निदान ठरलेलं असतं, 'हॅमस्ट्रिंग गेलं.' ते का गेलं, हे फारसं कुणी विचारत नाही.

याचं उत्तर बरंचसं त्या जर्सीवरच्या शब्दात आहे. तालमीतल्या मेहनतीत फुटबॉलपटूला लागणारं पुष्कळ काही आहे, पण ते नेमकं जोर आणि बैठकांत नाही.

आधी ताकद म्हणजे काय ते पाहू. व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या महिना-दीड महिन्यात ओझं झपाट्यानं वाढतं, पण आरशात फरक दिसत नाही. पोरं इथंच निराश होतात. खरं तर या काळात बदल होतो तो स्नायूपेक्षा मज्जासंस्थेत. प्रत्येक स्नायू म्हणजे तंतूंच्या शेकडो तुकड्या आणि प्रत्येक तुकडीला हुकूम देणारी एकेक चेतापेशी. हलक्या कामाला लहान, चिवट, न थकणाऱ्या तुकड्या पुढं येतात. मोठ्या, जोरकस पण लवकर थकणाऱ्या तुकड्या बाहेर पडतात त्या ओझं जड असलं, हालचाल झपाट्याची असली किंवा जीव मेटाकुटीला येईपर्यंत काम केलं तरच. एल्वूड हेनेमन या अमेरिकी शास्त्रज्ञानं गेल्या शतकाच्या मध्यात हा क्रम दाखवून दिला. सुरुवातीच्या आठवड्यांत शरीर शिकतं ते या मोठ्या तुकड्यांना एकदम आणि वेळेवर हाक मारायला. स्नायूची जाडी त्यानंतर वाढते. हाडाला स्नायू बांधून ठेवणाऱ्या कंडरा तर त्याहून सावकाश बळकट होतात. म्हणूनच दोन महिन्यांत ओझं दुप्पट करणाऱ्याचा स्नायू टिकतो आणि गुडघ्याखालची किंवा टाचेवरची कंडरा बोंबलते.

आता बैठकांचा हिशेब करू. पाचशे बैठका मारणारा पैलवान थोर आहे, यात शंका नाही. पण जी हालचाल पाचशे वेळा करता येते ती त्याच्यासाठी हलकी झालेली असते. तिनं दम वाढतो, मांडीचा पुढचा भाग चिवट होतो आणि घोटा-गुडघा पूर्ण वाकायची सवय टिकते. जास्तीत जास्त ताकद मात्र ठरावीक पातळीनंतर वाढत नाही, कारण वाढतात ते फक्त आकडे, ओझं तेवढंच राहतं. कुस्तीत हे चालून जातं, कारण पैलवानाचं जड ओझं म्हणजे समोरचा पैलवान. ऐंशी किलोचा जोडीदार कमरेवर घेऊन फिरवला की त्या दिवसाचा मोठ्या तुकड्यांचा कोटा पुरा होतो. फुटबॉलपटूच्या वाट्याला असा जोडीदार येत नाही.

तालमीचं आणखी एक काम लोक व्यायामात धरतच नाहीत. ते म्हणजे हौदा उकरणं. पैलवान पहाटे फावडं घेऊन माती खणतो, ओढतो, उलटीपालटी करतो. कंबर खुब्यातून वाकते, पाठ ताठ राहते आणि मांडीचा मागचा भाग व नितंब ताणाखाली काम करतात. आधुनिक प्रशिक्षक बारबेल जमिनीवरून उचलायला लावतात तेव्हा हेच घडवत असतात. नवख्या पठ्ठ्याला कामाला जुंपायची ती वस्तादांची जुनी रीत, पण तिच्यात पाठीमागच्या साऱ्या साखळीचा व्यायाम दडलेला होता. तालमीतून फक्त जोर-बैठका उचलणारा फुटबॉलपटू हौदा, चढायची रस्सी आणि जोडीदार मागंच ठेवतो, म्हणजे अर्धी तालीम मागं ठेवतो. नेमकी त्याला लागणारी अर्धी.

धावताना काय होतं ते पाहिलं की हे पटतं. पूर्ण वेगात पळणाऱ्याचा पाय जमिनीला टेकतो तो सुमारे एक दशांश सेकंद. स्नायूला आपलं कमाल बळ उभं करायला याच्या तिप्पट किंवा जास्त वेळ लागतो. तेव्हा नुसती ताकद पुरत नाही, ती किती लवकर बाहेर येते ते महत्त्वाचं. हॅमस्ट्रिंगला बहुतेकदा इजा होते ती पाय पुढं झेपावून जमिनीला टेकण्याच्या आधीच्या क्षणी. त्या वेळी हा स्नायू लांबत असतो आणि लांबता लांबताच नडगीला लगाम घालत असतो. जिममधल्या यंत्रावर टाच नितंबाकडं ओढण्याच्या व्यायामात तो आखडत काम करतो. परीक्षेत विचारलं जातं लांबतानाचं बळ आणि पोरगं तयारी करतं आखडतानाच्या बळाची.

लांबतानाचं बळ वाढवणारा सगळ्यांत स्वस्त व्यायाम म्हणजे नॉर्डिक. गुडघे टेकून बसायचं, जोडीदारानं मागून दोन्ही घोटे घट्ट दाबून धरायचे, आणि गुडघ्यापासून डोक्यापर्यंत अंग सरळ ठेवून हळूहळू पुढं झुकत जायचं. जितकं रोखता येईल तितकं रोखायचं आणि तोल गेला की हातांवर पडायचं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधल्या अभ्यासात ५० संघांतले ९४२ फुटबॉलपटू होते आणि सुमारे निम्म्या संघांनी दहा आठवडे हा व्यायाम केला. वर्षभरात त्या गटात हॅमस्ट्रिंगच्या १५ दुखापती झाल्या, न करणाऱ्या गटात ५२. यंत्र नाही, फी नाही, जागा दोन माणसांपुरती. आणि पडायला तालमीच्या मऊ मातीइतकी चांगली जागा दुसरी नाही. पेठेच्या पोरांना ती जर्सीसोबत वारशात मिळालेली आहे.

नॉर्डिकचा पहिला आठवडा मात्र जपून काढावा. फक्त एक दिवस, पाच-पाचचे दोन फेरे. दुसऱ्या आठवड्यात दोन दिवस, सहा-सहाचे दोन फेरे. तिसऱ्यापासून आठवड्यातून तीनदा, आणि सावकाश वाढवत पाचव्या आठवड्यापर्यंत बारा, दहा आणि आठ अशा तीन फेऱ्यांवर यावं. पहिल्याच दिवशी ईर्ष्येनं तीस मारले, तर दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागेल. हंगाम सुरू झाल्यावर आठवड्यातून एकदा केलं तरी कमावलेलं टिकतं, फक्त सामन्याच्या आदल्या दिवशी नको.

जांघेचंही असंच. फुटबॉलमध्ये दिशा बदलून लाथ मारणाऱ्या पायाची जांघ कायम कुरकुरते. कुशीवर आडवं व्हावं, वरचा पाय जोडीदारानं किंवा बाकानं धरावा, कोपरावर भार देऊन कंबर उचलावी आणि खालचा पाय वर आणून वरच्या पायाला लावावा. या व्यायामाला कोपनहेगनचं नाव पडलं आहे. नॉर्वेतल्या ३५ संघांच्या अभ्यासात तो करणाऱ्या गटात जांघेच्या तक्रारींचा धोका ४१ टक्क्यांनी कमी आढळला. दिसायला साधा, पण पहिल्यांदा करणाऱ्याच्या तोंडून अस्सल कोल्हापुरी शब्द निघतात.

हे सगळं बसवायचं कधी? उत्तर पावसाळ्यात आहे. कोल्हापूरचा फुटबॉल हंगाम साधारण हिवाळ्यात सुरू होतो आणि पावसाच्या तोंडावर संपतो. जून ते सप्टेंबर गांधी मैदानावर पाणी साचलेलं असतं. वरुणतीर्थ तळ्याची ती जागा आहे, पाणी आपली मूळ जागा विसरत नाही. बहुतेक खेळाडू या चार महिन्यांत काहीच करत नाहीत, दिवाळीनंतर दोन आठवडे जीव तोडून पळतात आणि पहिल्या सामन्याला उभे राहतात. हा क्रम उलटा हवा. मैदान बंद असतं तेव्हा तालमीचं दार उघडं असतं.

पहिले चार आठवडे घडी बसवण्यात जावेत: जोर, बैठका, रस्सी, फावडं, आणि एका पायावरची कामं. फुटबॉल हा एका पायाचा खेळ आहे. पळताना, लाथ मारताना, वळताना, कुठल्याही क्षणी भार एकाच पायावर असतो. म्हणून मागचा पाय बाकावर ठेवून पुढच्या पायानं मारलेली बैठक इथं दोन पायांवरच्या शंभर बैठकांहून कामाची. दोन्ही हातांत वाळूच्या पिशव्या धरल्या की ती पुरेशी जड होते.

पुढचे आठ आठवडे ओझ्याचे. आठवड्यातून दोन दिवस पुरेत, मध्ये किमान अठ्ठेचाळीस तासांचं अंतर. बारबेल खांद्यावर घेऊन बैठक, जमिनीवरून उचलणं, एका पायाची बैठक, रस्सी किंवा दांड्याला लोंबकळून अंग वर ओढणं, आणि वर सांगितलेलं नॉर्डिक-कोपनहेगन (नॉर्डिकचा तिसरा दिवस वेगळा). प्रत्येक जड कामाचे तीन ते चार फेरे, फेऱ्यात पाच-सहा वेळा आणि मध्ये दोन-तीन मिनिटं विसावा. ओझं एवढं असावं की फेरा संपल्यावर अजून दोन वेळा उचलता आलं असतं असं वाटेल. हे 'अजून दोन' शिल्लक ठेवायला पेठेच्या स्वभावाला जड जातं. पण शेवटचं ओझं वाकड्या पाठीनं उचलून दाखवण्यात ताकद वाढत नाही, फक्त प्रेक्षक वाढतात. ज्यानं आयुष्यात बारबेल धरलेला नाही त्यानं पहिले दोन-तीन आठवडे नुसत्या दांड्यावर आणि जाणकाराच्या नजरेखालीच काढावेत.

मध्येच गणपती येतात. पेठेतली तालीम मंडळं गणेशोत्सवात बुडालेली असतात आणि खेळाडू हेच कार्यकर्ते असतात. दहा दिवस झोप नाही, विसर्जन मिरवणुकीत सकाळ उजाडते. त्या दिवसांत जड ओझ्याच्या वाटेला जाऊच नये. अपुऱ्या झोपेत स्नायूची डागडुजी नीट होत नाही, लक्ष विचलित होतं आणि इजेची शक्यता वाढते. उत्सव आनंदानं करावा, मेहनतीला सुट्टी द्यावी आणि नंतर अर्ध्या ओझ्यावरून पुन्हा सुरुवात करावी. तेवढ्यानं कमावलेली ताकद उडून जात नाही.

दमाचं गणित वेगळं आहे. रंकाळ्याच्या काठानं पहाटे पळणारी पोरं हे पेठेतलं जुनं दृश्य. त्या संथ फेऱ्या वाईट नाहीत. हृदय आणि केशवाहिन्या त्यांनी सुधारतात. पण अव्वल दर्जाच्या सामन्यात खेळाडू जे दहा-अकरा किलोमीटर अंतर कापतो, ते एका लयीत नसतं. चालणं, डुलत पळणं, मध्येच चार सेकंदांची झेप, पुन्हा चालणं. त्या झेपेसाठी स्नायूत साठवलेलं क्रिएटिन फॉस्फेट जळतं. त्याचा साठा पूर्ण जोरावर दहाएक सेकंद पुरतो आणि तो भरून यायला काही मिनिटं लागतात. म्हणून वेगाचा सराव करायचा तर तीस मीटरच्या सहा धावा आणि प्रत्येक धावेनंतर दोन-तीन मिनिटांची पूर्ण विश्रांती हवी. टेंबलाई टेकडीच्या चढावर या धावा केल्या तर पावलं आपोआप जोरकस पडतात आणि हॅमस्ट्रिंगवरचा ताणही सपाटीपेक्षा कमी राहतो. विश्रांती कापली की तो सराव वेगाचा राहत नाही, धापा टाकण्याचा होतो. प्रशिक्षकाला वाटतं पोरं आळस करताहेत. पोरं साठा भरत असतात.

धापा टाकण्याचा सराव निराळ्या दिवशी ठेवावा. नॉर्वेतल्या कुमार फुटबॉलपटूंनी आठ आठवडे, आठवड्यातून दोनदा, चार मिनिटं जोरात आणि तीन मिनिटं सावकाश अशा चार फेऱ्या केल्या. हृदयाचे ठोके कमाल ठोक्यांच्या नव्वद ते पंचाण्णव टक्क्यांवर नेणारा तो वेग होता. सामन्यात त्यांनी कापलेलं अंतर २० टक्क्यांनी वाढलं. ज्या वेगात दोन-तीन शब्दांपलीकडं बोलता येत नाही, तो साधारण हा वेग समजावा.

आणि सामन्याआधीचा वॉर्मअप? पेठेतला नेहमीचा प्रकार म्हणजे मैदानाला एक चक्कर, वाकून पायाची बोटं धरणं आणि गोलावर चार फटके. फिफानं २००६ च्या सुमारास '११ प्लस' नावाचा वीस मिनिटांचा क्रम तयार केला. हलकं पळणं, मग ताकद-तोल-उड्यांचे व्यायाम (नॉर्डिक त्यातच आहे, म्हणून हा भाग सामन्याच्या नव्हे, सरावाच्या दिवशी) आणि शेवटी वेगानं वळणं. १३ ते १७ वर्षांच्या नॉर्वेजियन मुलींवर तो आजमावला तेव्हा एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशानं आणि गंभीर दुखापती जवळपास निम्म्यानं घटल्या. मुलींच्या संघांनी तर तो सोडूच नये. उडी मारून उतरताना गुडघा आत वळण्याची खोड मुलींत जास्त आढळते आणि गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटण्याचा त्यांचा धोका अशा खेळांत मुलांच्या दोन ते तीन पट असतो. उतरताना गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवायला शिकवणं, हे या वयात कुठल्याही डावपेचापेक्षा मोलाचं.

कुमार खेळाडूंच्या घरून एक प्रश्न हमखास येतो, 'ओझं उचललं की उंची खुंटते ना?' खुंटत नाही. नजरेखाली, नीट पद्धतीनं, वयाला साजेशा ओझ्यावर केलेला ताकदीचा व्यायाम मुलांना सुरक्षित आहे. हीच भूमिका आज जगभरचे बालरोगतज्ज्ञ आणि प्रशिक्षक मांडतात. काळजी घ्यायची ती वेगळ्याच गोष्टीची. तेरा-पंधराच्या वयात उंची झपाट्यानं वाढते तेव्हा गुडघ्याखाली नडगीच्या टोकावर टेंगूळ येऊन दुखू लागतं. त्या पोराला शाळेचा संघ, गल्लीचा संघ आणि अकादमी अशा तीन ठिकाणी आठवडाभर पळवलं जात असतं आणि तिन्ही प्रशिक्षकांना एकमेकांचा पत्ता नसतो. दुखत असेल तितके दिवस उड्या आणि पळणं कमी करणं, हाच त्यावरचा इलाज.

तीन जागी पळणाऱ्या पोराचा हिशेब ठेवायला वही पुरते. सराव संपल्यावर अर्ध्या तासानं त्यानं स्वतःला विचारावं, आजचं काम दहापैकी किती जड गेलं? तो आकडा गुणिले मिनिटं. साठ मिनिटांचा सराव आणि सहा गुण, म्हणजे ३६०. आठवड्याची बेरीज करावी आणि ती एकदम दीडपट-दुप्पट होऊ देऊ नये. सामन्यांच्या गर्दीत एखाद्या आठवड्यात दोन-तीन सामने पडले, तर त्या आठवड्यात बाकीचं काम कापावं. युरोपातल्या मोठ्या संघांकडं यासाठी महागडी उपकरणं असतात, पण हा गुणाकार त्यांच्याही वहीत असतो.

तालमीतली एक जुनी सवय मात्र आता सोडायला हवी, ती शिक्षेच्या बैठकांची. उशीर झाला, मार शंभर. हरलात, मारा पाचशे. सवय नसलेल्या पोरानं एकाच दिवशी शेकडो बैठका मारल्या तर मांडीचे तंतू मोठ्या प्रमाणावर फुटू शकतात आणि त्यातलं मायोग्लोबिन रक्तात उतरून मूत्रपिंडं बंद पाडू शकतं. एक-दोन दिवसांनी मांड्या दगडासारख्या सुजल्या, पाय उचलेना आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर घरगुती उपाय करत न बसता त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. उन्हाळ्यात, पाणी कमी प्यायलेलं असताना धोका आणखी वाढतो.

आता खुराकाकडं वळू, कारण कोल्हापुरात त्याशिवाय बोलणं पुरं होत नाही. बदामाच्या थंडाईचा दबदबा मोठा, पण दहा बदामांत प्रथिनं जेमतेम अडीच-तीन ग्रॅम. थंडाईत खरं काम दूध करतं. तुपात ऊर्जा भरपूर, प्रथिनं शून्य. दिवसभर हौद्यात राबणाऱ्या मल्लाला ती ऊर्जा लागते, संध्याकाळी दीड तास खेळणाऱ्याला तितकी लागेलच असं नाही. ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला दर किलो वजनामागं रोज सुमारे १.६ ग्रॅम प्रथिनं पुरतात. पासष्ट किलोच्या खेळाडूला झाली १०४ ग्रॅम. तीन अंडी १८, अर्धा लिटर दूध १६-१७, दोन वाट्या घट्ट वरण १२, शिजलेलं दीडशे ग्रॅम चिकन ४०, मूठभर शेंगदाणे ८ आणि तीन ज्वारीच्या भाकरी बारा-तेरा. बेरीज जुळली आणि डब्यातल्या पावडरचा खर्चही वाचला. चिकन न खाणाऱ्यानं पन्नास ग्रॅम सोयाबीन वडी आणि शंभर ग्रॅम पनीर घ्यावं. गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हशीची धार थेट पेल्यात घेऊन पिण्याची मजा औरच, पण कच्च्या दुधातून ब्रुसेलासारखे जंतू येतात. घरी आणून उकळून प्यायल्यानं त्यातली प्रथिनं कमी होत नाहीत. सामन्याच्या दिवशी तीन-चार तास आधी भात किंवा भाकरी पोटभर घ्यावी आणि तांबडा-पांढरा रस्सा रात्रीवर ठेवावा.

एप्रिल-मेच्या दुपारच्या सामन्यांसाठी शरीराला उन्हाची सवय लागायला दहा ते चौदा दिवस द्यावे लागतात. सामन्याआधी आणि नंतर वजन करावं. एक किलो उतरलं असेल तर पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर पाणी पोटात जायला हवं, सोबत मीठ. मीठ घातलेलं ताक याला उत्तम.

पूरक पदार्थांपैकी क्रिएटिन हा सर्वांत तपासला गेलेला, रोज तीन ते पाच ग्रॅम हे प्रौढ निरोगी खेळाडूसाठीचं प्रमाण. बाकीच्या रंगीत डब्यांत काय मिसळलंय त्याची हमी नसते, आणि उत्तेजक चाचणीत 'मला माहीत नव्हतं' हे उत्तर चालत नाही. इंजेक्शनांची गोष्ट तर सरळ गुन्ह्याची. मेफेंटरमाइन हे शस्त्रक्रियेच्या वेळी घसरलेला रक्तदाब वर आणायचं औषध. ताकदीसाठी म्हणून ते चोरून विकलं जातं. ते हृदयाला चाबूक मारतं, ताकद देत नाही, आणि बंदी घातलेल्या उत्तेजकांच्या यादीत त्याचं नाव आहे.

खुराक-औषधांचं हे झालं, पुन्हा तयारीकडं येऊ. जशी जमीन तशी तयारी, याचं कोल्हापुरातलं सर्वांत मोठं उदाहरण खाशाबा जाधवांचं. राजाराम कॉलेजचे हे विद्यार्थी १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले. प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला होता. मातीतल्या या मल्लाला गादीही नवी होती आणि नियमही. ते फ्लायवेट गटात सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत, बँटमवेट गटात, त्यांनी कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ताकद लंडनलाही होती, अनोळखी होती ती जमीन आणि तिचा कायदा. फुटबॉलमधलं उदाहरण हवं तर, २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला कोल्हापूरचा अनिकेत जाधव कमी वयात पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला. तिथं खेळ, मेहनत, जेवण आणि झोप एकाच छपराखाली आखलेली असते. पेठेत राहणाऱ्या, नोकरी किंवा कॉलेज सांभाळणाऱ्या खेळाडूला ही आखणी स्वतःच करावी लागते.

आणि ज्याचा गुडघा गेलाच, त्याच्यासाठी. एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर पाच-सहा महिन्यांत दुखणं थांबतं, चालणं-पळणं जमतं आणि मंडळाच्या महत्त्वाच्या सामन्याची तारीख जवळ आलेली असते. नऊ महिन्यांआधी परतणाऱ्यांत पुन्हा इजा होण्याचा धोका बराच जास्त असतो. तेव्हा नऊ महिने हा किमान आकडा धरावा. त्यातही एका पायावर मारलेली लांब उडी आणि मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या किमान नव्वद टक्के भरल्याशिवाय मैदानात उतरू नये. तोवर घरी बसायचं कारण नाही. दुखऱ्या पायाचा व्यायाम फिजिओथेरपिस्ट सांगेल तसा करायचा आणि वरच्या अंगाची मेहनत तालमीत चालू ठेवायची. रस्सी नुसत्या हातांवर चढणारे पैलवान तालमीला नवे नाहीत. उतरतानाही हातांवरच यायचं, उडी मारायची नाही.